लावायचे औषधही औषधच

दिवाळी सरून पहाटेचा गारठा वाढू लागला, की महाराष्ट्रात घरोघरी अंग उलू लागते. कोकणच्या दमट हवेत त्याचा त्रास बेताचाच. परंतु देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात नडग्यांवर खवले दिसू लागतात, टाचांना भेगा पडतात, हाताच्या पाठीवर नख ओढले तर पांढरी रेघ उमटते. पूर्वी यावर खोबरेल, तिळाचे तेल किंवा दुधाची साय एवढेच उपाय सर्वांना ठाऊक होते. आता औषधाच्या दुकानात जाऊन ‘कोरड्या कातडीवर काहीतरी चांगले द्या’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे. ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ ग्राहकाच्या मनात ‘औषधी’ असा असतो, आणि विक्रेत्याच्या मनात पुष्कळदा ‘लवकर गुण दाखवणारे’ असा. या दोन अर्थांच्या फटीतून घरात जे शिरते, त्याचा विचार करण्याची वेळ केव्हाच आली आहे.

त्वचा कोरडी होते म्हणजे नेमके काय होते? कातडीच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी एकमेकींना स्निग्ध द्रव्यांनी सांधलेल्या असतात. थंड, कोरडी हवा, कढत पाणी आणि अंगाला भरमसाट चोळलेला साबण यांनी ही स्निग्धता निघून जाते आणि आतले पाणी उडून जाऊ लागते. साहजिकच उपाय आहे तो पाणी धरून ठेवण्याचा. आंघोळीनंतर अंग टिपून, ते किंचित ओलसर असतानाच दोनतीन मिनिटांच्या आत साधे खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावली, तर बहुतेकांचे काम भागते. फिलिपाइन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल यांचा तौलनिक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही तेले सारखीच गुणकारी आणि निर्धोक ठरली. आजीबाईंच्या बटव्यातील सगळेच काही प्रयोगाच्या कसोटीला उतरत नाही. हे उतरले आहे.

एवढ्याने भागत नाही तेव्हा औषधी लोशनचा विचार करावा. युरिया, लॅक्टिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल ही त्यांतील नेहमीची द्रव्ये. दहा टक्क्यांच्या आसपास युरिया असलेले लोशन त्वचेत पाणी धरून ठेवते; त्याचे प्रमाण बरेच वाढवले की तेच द्रव्य जाड कातडी सैल करून काढू लागते. टाचेच्या घट्ट्याला ते इष्ट, गालाला मुळीच नव्हे. भेग ओली असेल तर ही लोशने झोंबतात. लॅक्टिक आम्ल लावलेली त्वचा उन्हाने लवकर पोळते, म्हणून ते लावून भर दुपारी बाहेर पडू नये. सॅलिसिलिक आम्ल लहान मुलाच्या सर्वांगाला चोळले, तर ते रक्तात उतरून विषबाधा करू शकते. कॅलामाइनच्या गुलाबी लोशनची गंमत तर निराळीच. ते घामोळ्यावर गुणकारी असल्यामुळे ‘थंड’ म्हणून घरात ठेवलेले असते आणि कोरड्या कातडीवरही फासले जाते. वास्तविक ते त्वचा सुकवणारे औषध आहे! बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचण्याची सवय नसली, की रोगाला पोषक असेच औषध निवडले जाते ते असे.

तथापि ही सर्व द्रव्ये त्यातल्या त्यात सौम्य होत. खरा धोका आहे तो स्टेरॉइडयुक्त मलमांचा. अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन या वैद्यांनी १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबासारख्या विकारांत गुण येतो असे दाखवले, आणि त्वचारोगांच्या चिकित्सेत एक नवे युग सुरू झाले. पुढे त्याहून कितीतरी पटींनी प्रखर द्रव्ये निघाली. क्लोबेटॅसॉल हे त्यांतील अग्रगण्य. योग्य रोगावर, योग्य काळापुरते वापरले तर हे उत्तम औषध आहे, आणि ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असे म्हणत इसबाने हैराण झालेल्या मुलाला त्यापासून वंचित ठेवणे हाही अन्यायच होय. अडचण अशी, की दोन दिवसांत खाज थांबवण्याचा याचा गुणच याला घातक बनवतो. कोरडेपणामुळे खाज सुटलेल्या माणसाला वाटते, औषध लागू पडले. तो ते लावत राहतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, काखेत व जांघेत पट्टे उमटतात ते कायमचे. लावणे थांबवले की आग आणि लाली दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा तेच मलम लावावे लागते. दारूच्या व्यसनाहून हे चक्र फार निराळे नाही.

त्वचा सर्वत्र सारखी नसते, हीही गोष्ट लक्षात घेतली जात नाही. हाताच्या पुढच्या भागातून जेवढे हायड्रोकॉर्टिसोन शरीरात शोषले जाते त्याच्या सुमारे ६ पट कपाळाच्या त्वचेतून आणि सुमारे ४२ पट अंडकोशाच्या त्वचेतून शोषले जाते, असे १९६७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात आढळले. पायाला दिलेले मलम चेहऱ्याला लावणे म्हणजे न सांगता मात्रा कित्येक पटींनी वाढवणे होय. आपल्या देशात चेहरा उजळ करण्याच्या हव्यासाने तेच घडत आले आहे. भारतातील १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलमे वापरत असल्याचे दिसले. म्हणजे दर सातांत एक.

शिवाय कोरडी दिसणारी प्रत्येक त्वचा केवळ कोरडीच असते असे नाही. गजकर्णाच्या कडेला खवले असतात. त्यावर स्टेरॉइड लावले तर खाज शमते, लाली जाते, आणि बुरशी मात्र निर्धास्तपणे पसरते. गेल्या दशकभरात भारतात गजकर्णाने जे चिवट रूप धारण केले, त्यामागे या मलमांच्या गैरवापराचा वाटा मोठा असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. त्वचेवर फिकट, कोरडा डाग आहे, तेथे घाम येत नाही, केस विरळ झाले आहेत आणि स्पर्श नीट कळत नाही, अशी लक्षणे असतील तर तो कुष्ठरोग असू शकतो. राष्ट्रीय पातळीवर या रोगाचे निर्मूलन झाल्याचे २००५ साली जाहीर झाले असले, तरी जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतातच आढळतात आणि चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या आरोग्यसेवकांना हे सांगावे लागत नाही. सरकारी दवाखान्यात यावरील औषध विनामूल्य मिळते व रोग पूर्ण बरा होतो. पण लोशन चोळण्यात वर्ष गेले तर बोटांच्या नसा तोवर थांबून राहत नाहीत.

वैद्याने स्टेरॉइड दिलेच, तर ते किती लावावे? यासाठी १९९१ साली ब्रिटनमध्ये एक सोपे माप सुचवले गेले. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्याच्या रेघेपर्यंत नळीतून पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. लंगोटाखाली किंवा घट्ट पट्टीखाली तेच मलम कितीतरी जोरकस होते, म्हणून तान्ह्या मुलांच्या बाबतीत विशेष जपावे. आणखी एक सूचना सहसा कोणी देत नाही: तेल किंवा पॅराफिन मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. अंगाला भरपूर लेप लावून तोच पदर शेगडीजवळ न्यावयाचा नाही.

आता कायद्याकडे वळू. ‘लावायचे औषध म्हणजे खरे औषध नव्हे, पोटात जाते तेच औषध’ अशी समजूत केवळ अडाण्यांची आहे असे कोणी समजू नये. १९४५च्या औषध नियमांतील ‘एच’ परिशिष्टात, म्हणजे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई असलेल्या औषधांच्या यादीत, जी टीप होती तिने बाह्य उपयोगाची मलमे आणि लोशने वगळलेली होती. तेच द्रव्य गोळीच्या रूपात आले तर चिठ्ठी हवी. नळीत भरले तर नको! घरातील गैरसमज राजपत्रात असा नांदत होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला, न्यायालयातही हा प्रश्न गेला, आणि मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड द्रव्यांच्या मलमांना चिठ्ठी आवश्यक करण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची मोट बांधणारी काही मलमेही तीत होती. रोग कोणताही असो, एक गोळी लागेलच, अशा हिशेबाने छर्रे भरलेल्या बंदुकीसारखी ही मलमे होती.

नियम झाला, पण काउंटरवर काय बदलले? पाच वर्षांपूर्वीची जीर्ण चिठ्ठी कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेसारखी वापरली जाते. शेजारच्या वहिनींना गुण आला म्हणून तीच नळी सुनेसाठी नेली जाते. यावर विक्रेत्यांकडून एक उत्तर येते आणि ते अगदीच टाकाऊ नाही. त्वचेचा तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, त्याची फी आणि एसटीचे भाडे मिळून दिवसाची मजुरी जाते. गरिबाने विक्रेत्याला विचारले तर त्यात काय गैर? गैर काहीच नाही. परंतु साध्या कोरडेपणापुरते पाहिले तर हा युक्तिवाद विक्रेत्यावरच उलटतो. त्याला स्टेरॉइड विकण्याची गरजच नाही. पेट्रोलियम जेलीला चिठ्ठी लागत नाही आणि तिची किंमतही कमी. ती हाती ठेवून ‘आठ दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा’ एवढे सांगणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचेच काम आहे. त्याची नोंदणी कायद्याने आवश्यक ठरवली ती भिंतीवर प्रमाणपत्र टांगण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट शासनाने करावयाची आहे. ही नळी शिकलेल्या माणसालाही वाचता येत नाही. तांबडी रेघ आणि इशारा असतो, पण इंग्रजीत, आणि भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत. द्रव्याच्या लांबलचक नावावरून ते स्टेरॉइड आहे हे शिक्षकाला किंवा कारकुनाला कळावे कसे? प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूस, त्या त्या राज्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत ‘यात स्टेरॉइड आहे, चेहऱ्यास लावू नये, वैद्याच्या सल्ल्याविना वापरू नये’ असे छापण्याची सक्ती करावी. विडीच्या बंडलावर चित्र छापता येते, तर मलमाच्या खोक्यावर ही एक ओळ छापण्यात कारखानदारांना अडचण पडू नये. यासाठी संसदेत नवे विधेयक आणावयास नको. औषध नियमांत दुरुस्ती करणारी अधिसूचना पुरेशी आहे. २०१८ साली तशीच निघाली होती.