यंत्राची बुद्धि आणि कामकऱ्याचा वांटा

यंत्राला बुद्धि आली, आतां माणूस कशाला, असें कांहीं कंपनीवाले म्हणूं लागले आहेत. त्यांस आम्ही एकच विचारतों. लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या यंत्रानें २०२० सालीं शरीरांतील प्रथिनांची घडण ओळखून दाखविली. २०२४ सालीं तिच्या दोघां शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. पण तें यंत्र शिकलें कशावर? हजारों संशोधकांनीं वर्षानुवर्षें खपून, १९७१ पासूनच्या खुल्या भांडारांत जमविलेल्या माहितीवर! कारखान्याचेंही तसेंच. जुना कारागीर घालवून नुसतें यंत्र आणणारा मालक बियाणें दळून खातो. पुढें पेरणार काय? नवा शोध हवा, तर कामकऱ्यास यंत्राशेजारीं ठेवा, नफ्यांत वांटा द्या. बंधूंनो, तो वांटा मागण्यास लाजूं नका!