सूत्र बरोबर, तरी उत्तर चुकते तेव्हा



अकरावी-बारावीची, डिप्लोमाची बरीच मुले हल्ली पायथन शिकतात. त्यात नमपाय नावाची गणिताची लायब्ररी वापरतात. तिला संख्यांची अख्खी रांग, म्हणजे अ‍ॅरे, एकदम देता येते. ०, १, २ ही रांग ‘टॅनएच’ या फंक्शनला दिली की ०, ०.७६१६, ०.९६४० अशी उत्तरे एका फटक्यात मिळतात. तीन लाख संख्या दिल्या तरी आज्ञा एकच!

टॅनएच हे हायपरबोलिक फंक्शन. नाव भारी, पण आतले गणित साधे आहे. ‘ई’ म्हणजे साधारण २.७१८. दिलेली संख्या क्ष असेल, तर ई चा क्ष वा घात आणि ई चा उणे क्ष वा घात काढा. पहिल्यातून दुसरा वजा केला की अंश मिळाला, दोन्हींची बेरीज केली की छेद. भागाकार केला, झाले टॅनएच!

आता हेच सूत्र मुलाला स्वतः टाइप करू द्या आणि रांगेत १००० ही संख्या ठेवा. ई च्या १००० व्या घाताचा पूर्णांक भाग ४३५ अंकी येतो. नमपायच्या नेहमीच्या दशांश संख्येत जेमतेम ३०९ अंकांपर्यंतची संख्या मावते. मग अंशात अनंत, छेदातही अनंत, आणि उत्तराच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. लायब्ररीतले तयार टॅनएच मात्र सरळ १ देते. सूत्र तर बरोबरच होते ना? मग कुठे बिघडले?

हे कळायला संगणकाची पदवी नको. क्ष धन असेल तर अंश छेदापेक्षा लहान असणार, म्हणून उत्तर १ च्या पुढे जाणारच नाही. क्ष खूप मोठा असेल तर वजा होणारा भाग नगण्य, म्हणून उत्तर १ ला चिकटणार. एवढा अंदाज आधी बांधला असेल, तर ‘नॅन’ दिसताच मूल थांबेल.

माझे म्हणणे एवढेच, की ही सवय बारावीत लावून लागत नाही. ती चौथीत लावावी लागते. ४८ गुणिले १९ करण्याआधी विचारा, “साधारण किती येईल रे?” मूल ५० गुणिले २० करून म्हणेल, “हजाराच्या आत.” मग ९१२ आले तर ठीक. ९०१२ आले तर ते स्वतःच वही पुन्हा उघडेल.

आपण मात्र सूत्र पाठ आहे का, पायऱ्या लिहिल्यात का, एवढेच तपासतो. अंदाजाला मार्क नसतात, म्हणून तो शिकवायचा राहून जातो. पुढे यंत्र लाखो उत्तरे क्षणात देईल, पण त्यातले कोणते पटण्यासारखे नाही, हे माणसालाच ओळखावे लागेल.

उद्या गृहपाठ घेताना उत्तराआधी अंदाज विचारून तर बघा!