हुशार आहे, मग मार्क कुठे गेले?

बारावीला नव्वदच्या घरात असलेलं पोर कॉलेजच्या पहिल्याच सेमिस्टरला पन्नाशीवर आलं, की घरात एकच प्रश्न असतो. "एवढी हुशार होती, मग झालं काय?" बीएच्या पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला, तेव्हा आमच्याकडेही हेच ऐकू आलं. मला वाटलं, आपली हुशारी संपली.

हुशारी कुठे जात नसते हो. शाळेत आई पहाटे उठवायची, क्लासचे सर दर रविवारी चाचणी घ्यायचे. कॉलेजात हे सगळं एकदम थांबलं. आणि कोणी न सांगता अभ्यासाला बसायची सवय मला कधी लागलीच नव्हती.

ऑस्ट्रेलियातले संशोधक आर्थर पोरोपॅट यांनी 2009 मध्ये स्वभाव आणि मार्क यांवरचे आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यात 70,000 हून जास्त विद्यार्थ्यांची माहिती होती. प्राथमिक शाळेत बुद्धिमत्तेचा मार्कांशी संबंध खूप घट्ट दिसला. पण कॉलेजच्या वयात नेटाने, वेळेवर काम करण्याचा स्वभाव बुद्धिमत्तेच्या बरोबरीला आला. बोलकेपणाचा मात्र मार्कांशी फारसा संबंध दिसला नाही. तेव्हा अबोल मुलांच्या आईबाबांनो, काळजी सोडा!

असं का होत असावं? कॉलेजात शेजारच्या बाकावरही हुशारच मुलं असतात. मग फरक पडतो तो रोजच्या कामाने.

अर्थात, या दोन गोष्टींवरच सगळं ठरत नाही. घरची परिस्थिती, लोकलचा प्रवास, अचानक बदललेलं माध्यम, यांचाही वाटा असतोच. पण सवय आपल्या हातात असते. मी तीनच गोष्टी केल्या. संध्याकाळी सात ते आठ फोन दुसऱ्या खोलीत. त्या दिवशीच्या नोट्स त्याच दिवशी वाचायच्या. आणि असाइनमेंटची तारीख वहीत दोन दिवस आधीची लिहायची.

आईबाबा, तुम्हीही एक करून बघा. "तू तर हुशार आहेस" म्हणण्याऐवजी "आज काय वाचलंस?" असं विचारा. पहिलं वाक्य ऐकलं की नापास झाल्याचं लपवावंसं वाटतं. मीही माझा निकाल आठवडाभर लपवला होता.

पुढच्या परीक्षेत तो विषय निघाला. मार्क अठ्ठावन्न. बारावीच्या नव्वदपेक्षा मला तेच जास्त माझे वाटले.