गाडी विकली, नाव मागे राहिले

आमच्या मोहल्ल्यातील एका बेकरीवाल्या भाईंनी तीन वर्षांपूर्वी आपली मारुती ओम्नी विकली. गिऱ्हाईक नेवाशाकडचे, ओळखीतून आलेले. व्यवहार कापड बाजारातील एका दुकानात बसून चहावर झाला. रोख रक्कम हातात पडली, आरसी बुक आणि चावी दिली गेली, कोऱ्या फॉर्मवर दोन सह्या झाल्या आणि ‘नाव सवडीने करून घ्या’ असे म्हणून मंडळी उठली. गेल्या पावसाळ्यात भाईंच्या घरी मोटार अपघात दाव्याची नोटीस आली. गाडी मधल्या काळात आणखी एकाला विकली गेली होती, विमा संपलेला होता आणि शेवगावच्या रस्त्यावर तिने एका मोटारसायकलस्वाराला उडवले होते. ज्याने भाईंकडून गाडी घेतली तो म्हणतो, मी केव्हाच विकली. ज्याने चालवली त्याचा पत्ता नाही. आरटीओच्या दप्तरी मालक म्हणून एकच नाव आहे, ते बेकरीवाल्या भाईंचे.

भाई कागद घेऊन आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, ‘गाडी तर मी विकली, पैसे मोजून घेतले, मग मालक मी कसा?’ प्रश्न रास्त वाटतो. कायद्याचे उत्तर मात्र वेगळे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. २००७ साली विकलेली मोटार पुढे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत गेली, नाव कोणीच बदलले नाही, आणि २००९ साली अपघात झाला. उच्च न्यायालयाने नुकसानभरपाई नंतरच्या खरेदीदाराच्या माथी मारली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितले की, जखमी माणसाने किंवा मृताच्या घरच्यांनी गाडी कोणाकोणाच्या हातांतून गेली याचा शोध घेत फिरावे ही अपेक्षा चुकीची आहे. दप्तरी ज्याचे नाव, तोच जबाबदार. ज्याचा मुलगा किंवा बाप रस्त्यावर गेला त्याच्या बाजूने पाहिले तर हा निकाल योग्यच म्हणावा लागेल.

कायद्याने सांगितलेले काम तसे मोठे नाही. गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ भरून आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० भरून नाव आपल्यावर करून घ्यायचे. गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि फायनान्सवाल्याचे ना हरकत पत्र. विम्याचेही तसेच. पॉलिसी आपल्या नावावर करून देण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करायचा असतो. न केल्यास दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता विमा गाडीबरोबर जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते आणि न्यायालयातही कंपनीच जिंकते. पुष्कळांना ही दुसरी गोष्ट ठाऊकच नसते. गाडी ठोकून गॅरेजला आणल्यावर ती कळते.

मग आपल्या लोकांत हे काम का राहून जाते? आम्हाला याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की, आपल्यातील बरेच व्यापारी आणि कारागीर व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. ही चांगली गोष्ट आहे. त्यामुळे शोरूमची नवी गाडी हप्त्यावर घेण्याऐवजी साठवलेल्या रकमेत बसेल अशी जुनी गाडी रोखीने घेतली जाते. बँक मधे असती तर तिने स्वतःच्या गरजेसाठी का होईना सगळे कागद करून घेतले असते. रोखीत कोणीच विचारत नाही. दुसरे कारण जुबानीचे. ‘भाईजान, आपसात काय कागद करायचे’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की कागद मागणाराच ओशाळतो.

येथे आम्हाला स्पष्ट बोलावेसे वाटते. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत कोणती, हे मदरशातील लहान मूलही सांगेल. सूरह बकराची २८२ वी. ती नमाजाविषयी नाही की रोजाविषयी नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, इथपर्यंत त्यात आले आहे. हातोहात देवाणघेवाणीला लिहिण्यातून सूट दिली आहे, तरी विक्रीला साक्षीदार ठेवा असे तेथेही म्हटले आहे. तेव्हा भाऊबंदकीच्या नावावर कागद टाळणे हा काही आपल्या दीनचा शिरस्ता नव्हे.

उधारीचा मुद्दा तर आणखी नाजूक. निम्मे पैसे आज, निम्मे कांद्याच्या पट्टीवर किंवा ईदनंतर, असा व्यवहार आपल्या जिल्ह्यात नेहमीचा आहे. विकणाऱ्याला वाटते, पैसे फिटेपर्यंत नाव आपल्याकडे राहिले तर आपण सुरक्षित. प्रत्यक्षात गाडी दुसऱ्याच्या ताब्यात, रस्त्यावर दुसऱ्याचा हात, आणि जबाबदारी मात्र आपली. सुरक्षितता हवी असेल तर नाव बदलून द्यावे आणि राहिलेल्या रकमेचा बोजा आरसीवर नोंदवून घ्यावा. कायद्याच्या कलम ५१ मध्ये ‘कोणत्याही व्यक्तीशी’ केलेल्या अशा कराराची नोंद करण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी नमुना ३४ आहे. सोबत दोन साक्षीदारांच्या सहीचा साधा करारनामा असावा.

गाड्यांची खरेदी-विक्री हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून वेगळे नियम आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृततेचे प्रमाणपत्र घ्यायचे, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की नमुना २९ सी ने तसे कळवायचे. कळवल्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरची. आपले तरुण या धंद्यात बरेच आहेत. प्रमाणपत्राशिवाय चार गाड्या रस्त्याकडेला लावून धंदा करणे आज चालून जाते, पण गिऱ्हाईक उद्या प्रमाणपत्र विचारणार आहे. ज्याच्या भिंतीवर ते लावलेले असेल त्याच्याकडेच ते जाईल.

हे झाले कागदाचे. गाडीच्या ऐबाचे काय?

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, पायाला हात लावतो. तोच शेतकरी किंवा तोच दुकानदार बैलाच्या अनेक पट किमतीची गाडी घेताना रंग आणि मीटर पाहतो. रंग आणि मीटर या दोनच गोष्टी सर्वांत सहज बदलता येतात. डेंटर-पेंटर, कुशनवाले, वायरमन, इंजिनमिस्त्री या हुन्नरांत आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे कोणता ऐब कसा झाकतात हे आपल्या गॅरेजांत सगळ्यांना माहीत असते. धूर आणि आवाज दाबायला जाड ऑइल भरायचे. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारायचा. इंजिन धुऊन चकचकीत करायचे म्हणजे गळती दिसत नाही. रेडिएटरला बारीक छिद्र असेल तर हळद टाकायची. ही हळदीची युक्ती करंजीच्या घाटात रात्री अडकलेल्या माणसासाठी केली तर तो उपकार आहे. गिऱ्हाईक येणार म्हणून सकाळी केली तर ती फसवणूक आहे. हळद तीच, हात तोच.

हजरत पैगंबर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालून पाहिले आणि आत ओल लागली, तेव्हा व्यापाऱ्याला भिजलेला माल वर ठेव म्हणजे लोकांना दिसेल, असे सांगितले, ही हदीस आपल्यातील प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेली आहे. धान्याची रास आणि ओम्नीचे इंजिन यांत आम्हाला फरक दिसत नाही.

घेणाऱ्याने काय पाहावे? गाडी थंड असताना सुरू करून मागावी. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते, रिंगा गेल्या. काळा धूर डिझेल गाडीत नोझलचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा, तो खर्च परवडतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहावे. ऑइलचे झाकण उघडावे. आतून दुधाळ थर असेल तर ऑइलात पाणी जाते आहे, आणि चालू इंजिनात तेथून जोराचे फुसकारे येत असतील तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे. दरवाजाखालच्या पट्टीला लोहचुंबक लावावे. पुट्टीवर तो चिकटत नाही. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहावेत. टोकाला चिखलाचा डाग निघाला तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या होत्या. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही चांगली असली तरी रबर म्हातारे झाले. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नको, मग तो विकणारा सख्खा मेहुणा असला तरी.

घेतल्यावर पहिला खर्च टेपचा किंवा सीट कव्हरचा करू नये. ऑइल, सर्व फिल्टर, ब्रेक ऑइल बदलावे. गाडीला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदललाच नाही असे धरून चालावे. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो तुटला की वॉल्व्ह वाकतात आणि बेल्टच्या पैशांत भागणारे काम पुऱ्या इंजिनावर जाते. नगरकडे उन्हाळा कडक आणि बोअरचे पाणी जड. ते पाणी रेडिएटरमध्ये घातले की आत क्षार धरतात, मग इमामपूरच्या घाटात काटा लाल रेघेला जातो. कूलंट महाग वाटते, पण हेडचे काम त्याहून महाग पडते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मिस्त्री अजून आहेत. तो काढल्याने रोग जात नाही, फक्त लपतो.

पेट्रोलचाही एक नवा प्रश्न आहे. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळते. सहकारी साखर कारखानदारी आपल्याच प्रवरानगरातून उभी राहिली, उसाला त्यातून दोन पैसे मिळतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीच्या रबरी नळ्या त्या पेट्रोलासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नये, नळ्या आणि गॅस्केट वेळेवर बदलावीत. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते साठवून ठेवू नये. आणि महाग पेट्रोलवर उपाय म्हणून व्हॅनमध्ये घरगुती सिलिंडरचा गॅस भरणे हा शाळेच्या मुलांसकट सर्वांच्या जिवाशी खेळ आहे. सीएनजी बसवायचा तर मान्यताप्राप्त किट बसवून आरसीवर नोंद करावी.

१५ वर्षे झालेल्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे. घासाघीस करताना हा खर्च मोजलेला असावा.

वाचकांना आमची विनंती अशी की, गेल्या दहा वर्षांत विकलेल्या गाड्यांचे नंबर काढून परिवहन खात्याच्या ॲपवर नोंद बदलली आहे का ते पाहावे. बदललेली नसेल तर विक्रीच्या पुराव्यासह आरटीओला लेखी कळवून पोच घ्यावी. गॅरेजवाल्या भाईंनी विकायला आलेल्या गाडीत जे ऐब दिसतात ते एका चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून, गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत. भाव हजार-दोन हजारांनी उतरेल. उतरू द्यावा.

बेकरीवाल्या भाईंच्या तारखा अजून चालू आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी मुलाची जुनी मोटारसायकल विकायला काढली. गिऱ्हाईक घाईत होते, पैसे घेऊनच आले होते. नाव चढेपर्यंत गाडी आमच्या गोदामात उभी राहील, असे भाई म्हणाले. गिऱ्हाईक रागावून निघून गेले. चौथ्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन परत आले.