धरण फुटण्याआधी सांगतं

२ जुलै २०१९. रात्री साडेनऊच्या सुमारास चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि त्याखालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं पाण्यात गेली. धरण गळतंय, हे गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं. पावसाळ्यापूर्वी माती टाकून डागडुजीही झाली होती. म्हणजे दोष दिसला होता, सरकारदरबारी पोचला होता, मान्यही झाला होता. आणि तरीही भर पावसात त्या वाडीला त्या धरणाखाली निजू दिलं. याला अपघात म्हणायला मी तयार नाही.

पुढच्या दोन-चार दिवसांतच तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी फुटीचं खापर खेकड्यांवर फोडलं. महाराष्ट्र हसला. आंदोलक खेकडे घेऊन रस्त्यावर आले. मला तेव्हाही हसू आलं नाही. खेकडे, घुशी, उंदीर मातीच्या भरावात बिळं पाडतात, हे खरंच आहे आणि कोकणात शेताचा बांध घालणाऱ्या कुठल्याही माणसाला ते ठाऊक असतं. म्हणून तर दरवर्षी भराव पायी फिरून बघायचा, बिळं शोधायची, खणून पुन्हा ठासून भरायची, हे धरणाच्या देखभालीतलं नित्याचं काम आहे. खेकड्यांनी धरण पोखरलं, असं जे सरकार म्हणतं ते एवढंच कबूल करतं, की आमचं कुणी तिथे नियमाने फिरकलं नाही. त्या विधानावर विनोद करून आपण ही कबुली वाया घालवली.

मातीचं धरण एका रात्रीत कुजत नाही. त्याच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरुमाचा भराव, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग. अशा धरणातून थोडं पाणी पाझरणारच. ते पायथ्याशी स्वच्छ निघावं आणि ठरल्या वाटेने जावं, एवढी व्यवस्था केलेली असते. घात होतो तो पाझर गढूळ झाला की. गढूळ पाणी म्हणजे आतली माती बाहेर येतेय. आत पोकळी होतेय, पोकळीची नळी होतेय आणि ती नळी पाण्याच्या दिशेने मागे मागे सरकतेय. अनेकदा ही नळी विमोचकाच्या, म्हणजे धरणातलं पाणी खाली सोडण्याच्या दाराच्या, मोरीला चिकटून तयार होते, कारण दगडी किंवा काँक्रीटचं बांधकाम आणि माती यांचा सांधा हीच सगळ्यात कच्ची जागा. दुसरं मरण वरून येतं. जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा झाडोऱ्याने नि गाळाने बुजला, किंवा जास्त पाणी साठावं म्हणून कुणी त्यात पोती रचली, तर पाणी भरावावरून वाहू लागतं. मग काही तासांत सगळं संपतं. या दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात. त्यांना उपग्रह लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. चालणारे पाय आणि लिहिणारा हात लागतो.

आमच्या तालुक्यातल्या एका लघु पाटबंधारे तलावावर मी मे महिन्यात गेलो होतो. भोवतालचं रान वाळून पिवळं पडलेलं, आणि धरणाच्या पायथ्याशी मात्र लव्हाळ्याचा हिरवागार पट्टा. पाऊल टाकलं तर टाच रुतली. पाझर मोजण्यासाठी तिथे व्ही आकाराच्या खाचेचा छोटा कट्टा बांधलेला होता; तो चिखलाने खाचेच्या वरपर्यंत भरलेला. त्या खाचेतून शेवटचं माप कुणी कधी घेतलं, ते सांगणारं तिथे कुणी नव्हतं. भरावाच्या उतारावर उंबर उगवलेला, बुंधा माझ्या मांडीएवढा. तेवढा उंबर एका वर्षात वाढत नाही. तो रोप होता तेव्हा हाताने उपटता आला असता. आता तोडला तरी मुळं आत कुजणार, आणि ती कुजली की त्यांच्याच वाटेने पाणी चालणार. विमोचकाच्या विहिरीवरचं चाक गायब होतं, गेटचा दांडा गंजून जाग्यावर बसलेला. याचा अर्थ नीट समजून घ्या. उद्या धरणाला धोका झाला आणि घाईने पाणी खाली सोडायचं ठरलं, तर ते सोडण्याची सोयच उरलेली नाही.

खालच्या वाडीतली एक मावशी शेळ्या घेऊन भरावावरच आली होती. ती म्हणाली, "दादा, पावसाची झड लागली ना, की आम्ही पाळीपाळीने जागतो. एक घर झोपतं, एक घर जागं." त्या वाडीला भोंगा नाही, धोक्याची पातळी सांगणारा माणूस नाही. धरणावरचा चौकीदार निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा आला नाही. ज्या पहाऱ्यासाठी सरकार पगार देत होतं तो पहारा आता मोलमजुरी करणारी माणसं रात्रीची झोप मोडून देतात.

मी संबंधित विभागाच्या कार्यालयात गेलो. उत्तर मिळालं, प्रस्ताव पाठवलाय, निधी आला की काम धरू. मग आणखी एक उत्तर: हे धरण आता आमच्याकडे राहिलेलं नाही, हस्तांतरणाची फाइल चालू आहे. छोट्या धरणांचं दुखणं इथेच आहे. शंभर हेक्टरांपर्यंतच्या सिंचनाचं काम जिल्हा परिषदेचं, त्यापुढचं मृद व जलसंधारण विभागाचं, त्याहून मोठं जलसंपदेचं. हद्दी बदलल्या, विभाग फुटले, विभाग जोडले. धरण जागचं हललं नाही, पण त्याचा मालक दर काही वर्षांनी बदलत राहिला. कोयनेचे दरवाजे उघडले की टीव्हीवर दिसतात, तिथे नियंत्रण कक्ष आहे, दर तासाचे आकडे आहेत. या छोट्या धरणाखाली राहणाऱ्या माणसाचा जीव कोयनेखालच्या माणसाच्या जिवाहून स्वस्त आहे, असं कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही. कारभार मात्र तसाच चालतो.

देशाला धरण सुरक्षेचा कायदा मिळाला तो २०२१ मध्ये. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं होतं. विमोचकाचं काम अपुरं असताना पाणी भरलं, नेमका त्याच जागी भराव खचला आणि पुणं बुडालं. तिथून हा कायदा यायला साठ वर्षं लागली. कायदा चांगला आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करा, आपत्कालीन कृती आराखडा करा, असं तो बजावतो. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधल्यांनी लांबी, साठा, पूर अशी एखादी अट पुरी केली तरच. १० मीटरच्या आतलं धरण या कायद्याच्या बाहेर. त्याच्या खाली वाडी आहे की माळ, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. धोका उंचीवरून ठरतो का? आठ मीटरच्या धरणाखाली, नाल्याच्या काठावर, पन्नास पावलांवर घरं असतील तर ती माणसं मरायला आठ मीटर पुरे आहेत.

पैसा नाही, हे मला कुणी सांगू नये. नव्या कामाच्या भूमिपूजनाला पैसा असतो, मंडप असतो, कोनशिला असते. उंबराचं रोप उपटण्याच्या कामाला कोनशिला नसते, म्हणून त्याला पैसा नसतो. आमदार नवं धरण मागतात, जुन्याच्या पिचिंगसाठी विधानसभेत कितीजण उभे राहतात? आणि मतदार म्हणून आपणही त्यांना नवं काय आणलं तेच विचारतो. कंत्राटदार, अधिकारी आणि पुढारी यांची साखळी याच प्रश्नावर पोसली गेली आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. प्रत्येक छोट्या धरणाच्या भरावावर जबाबदार अभियंत्याचं नाव आणि फोन नंबर रंगवलेला हवा. पावसाळ्याआधीच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवा, सहीसकट. पाझर गढूळ झाल्याची तक्रार आली तर चोवीस तासांत अभियंता धरणावर पोचलाच पाहिजे आणि दोष दुरुस्त होईपर्यंत त्या पावसाळ्यात पाणी अडवता कामा नये. शेतीचं एक आवर्तन बुडेल. बुडू द्या. पीक पुन्हा पेरता येतं.

तुमच्या गावावर असं धरण असेल तर १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ठराव करा. तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागा. पावसाआधी चारजण मिळून भरावावरून चाला, पायथ्याची ओल, बिळं, झाडं, सांडवा, गेट यांचे तारखेसह फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या, तहसीलदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि संबंधित विभागाला, तिघांनाही. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. आणि पायथ्याचं पाणी गढूळ दिसलं, तर कुणाच्याही उत्तराची वाट न बघता खालची घरं त्याच दिवशी रिकामी करा.