अर्ध्या सेकंदाची घसरण

स्वयंचलित गिअरबॉक्स घरच्या गॅरेजात उघडून त्याचे गिअर अधिक झटपट पडावेत अशी दुरुस्ती करण्याचा छंद अमेरिकेत अनेक दशके रुजलेला आहे, आणि या छंदासाठी सर्रास हाताळल्या गेलेल्या यंत्रांत जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० चे नाव आवर्जून घ्यावे लागते. १९६९ पासून शेव्हरोले, ब्यूक आदी गाड्यांत बसवल्या गेलेल्या या तीन गतींच्या गिअरबॉक्समध्ये संगणक नाही. कोणता गिअर केव्हा पडावा याचा निर्णय तेलाच्या दाबावर सरकणाऱ्या झडपा घेतात, आणि म्हणूनच पाने, ड्रिल व चिकाटी एवढ्या भांडवलावर त्याच्या वागण्यात खरोखरच बदल घडवता येतो. अशी कामे बिघडतात ती बहुधा हात चुकल्यामुळे नव्हे, तर नेमके काय जलद करायचे आहे हे आधी न ठरवल्यामुळे.

गिअर कोणत्या वेगाला बदलतो आणि बदलायला किती वेळ घेतो, या दोन अगदी वेगळ्या बाबी आहेत. पहिली बाब गव्हर्नरच्या हाती असते. हा गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दांड्याबरोबर फिरणारा वजनांचा जोड असून गाडीचा वेग वाढत जातो तसा तो तेलाचा दाब वाढवत नेतो. त्याची वजने हलकी केली तर गिअर उशिरा, म्हणजे इंजिनाचे फेरे अधिक चढल्यावर पडतो, गाडी जोरकस वाटते आणि मालकाचा समज होतो की गिअर जलद झाला. प्रत्यक्षात दुसरी बाब, म्हणजे क्लचच्या चकत्या एकमेकींवर घसरत पूर्ण पकड घेईपर्यंत जाणारा वेळ, तशीच राहिलेली असते. किंबहुना घसरण आता अधिक फेऱ्यांवर होत असल्यामुळे चकत्या पूर्वीपेक्षा जास्तच तापतात.

या घसरणीचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. या गिअरबॉक्सचे पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५२ आणि दुसऱ्याचे १.५२ आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर असताना दुसरा गिअर पडला तर ते सुमारे २,७०० वर उतरले पाहिजे, आणि हे उतरवण्याचे काम क्लचलाच करावे लागते. त्या वेळी चकत्यांत दोन प्रकारची उष्णता शिरते: घसरण चालू असताना इंजिन मागून जो रेटा देत राहते त्याची, आणि इंजिनाच्या फिरत्या भागांत साठलेल्या गतीची. घसरणीचा वेळ कमी केला की पहिली उष्णता त्या प्रमाणात घटते, पण दुसरी जवळपास तेवढीच राहून अधिक थोड्या वेळात बाहेर पडते, आणि तिचा धक्का दांड्यांना, जोडांना व मागच्या आसाला सोसावा लागतो. गिअर माफक जलद केल्याने क्लचचे आयुष्य वाढते हा या छंदातील जाणकारांचा दावा म्हणूनच खरा आहे. परंतु एका मर्यादेपुढे बचत संपते आणि उरते ती केवळ मोडतोड.

कारखान्याने ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते. क्लचकडे जाणारे तेल व्हॉल्व्ह बॉडीला, म्हणजे झडपांच्या ठोकळ्याला, लागून असलेल्या पोलादी पत्र्याच्या बारीक भोकांतून जाते, आणि त्याचा काही भाग ॲक्युम्युलेटर, म्हणजे स्प्रिंगवर टेकलेला दट्ट्या, वाटेतच सामावून घेतो. परिणामी दाब हळूहळू चढतो व प्रवाशाला गिअर पडल्याचे जाणवतही नाही. बाजारात मिळणाऱ्या शिफ्ट किटमध्ये याच दोन जागांवर काम केलेले असते: भोके मोठी करणे आणि ॲक्युम्युलेटरची स्प्रिंग अधिक कडक घालणे. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून २ मिलिमीटरचे भोक ३ मिलिमीटर केले की वाट दीडपट नव्हे, सव्वादोनपट रुंद होते. ड्रिल हातात घेणाऱ्याने हे गणित आधी मांडायलाच हवे, कारण मोठे केलेले भोक पुन्हा लहान होत नाही. जुना पत्रा जपून ठेवून नव्यावर प्रयोग करणे हाच त्यावरचा उपाय. ॲक्युम्युलेटर पूर्णपणे अडवून टाकण्याची सूचनाही ठिकठिकाणी दिली जाते. ती शर्यतीच्या गाडीपुरती ठीक आहे, रोज बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीत मात्र तो निव्वळ अत्याचार ठरतो.

आणि हे सारे करण्याआधी व्हॅक्यूम मॉड्युलेटर पाहावा. गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली ही छोटी डबी इंजिनाच्या निर्वातावरून त्याच्यावरील भार ओळखते व त्यानुसार तेलाचा दाब ठरवते. तिच्याकडे येणारी रबरी नळी तडकली तर गिअर उशिरा व धक्क्याने पडतात. आतला पडदा फाटला तर तेल इंजिनात ओढले जाऊन मागून पांढरा धूर निघतो. दाबमापक जोडून हे तपासल्याशिवाय पत्र्याला भोक पाडणे म्हणजे निदानाआधी शस्त्रक्रिया करणे होय.

प्रत्यक्ष उघडणीत सफाईला सर्वांत जास्त महत्त्व आहे. तेलाच्या थाळीला १३ बोल्ट असतात, आणि बहुतेक थाळ्यांना तेल काढायचे बूच नसल्यामुळे थाळी एका कडेने तिरपी उतरवावी लागते. तेल कोमट असावे, कढत नव्हे, आणि गाडी केवळ जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर उभी असावी. पत्रा खाली घेताच वरच्या पन्हळींत मोकळ्या ठेवलेल्या पोलादी गोळ्या ओघळतात, म्हणून प्रत्येकीची जागा आधीच टिपून घ्यावी लागते. जोडताना त्या पेट्रोलियम जेलीने चिकटवतात, कारण ही जेली तेलात विरघळते; साधे ग्रीस विरघळत नाही आणि बारीक वाटा तुंबवते. भोकाच्या कडेला राहिलेला धातूचा कीस किंवा पुसण्याच्या फडक्याचा एखादा धागा झडप अडकवायला पुरेसा असतो, मग किट कितीही उत्तम असो.

१९९० च्या दशकात ४एल६०-ई सारख्या गिअरबॉक्सांत हा कारभार संगणकाकडे गेला, आणि गिअर पडण्याच्या क्षणी इंजिनाची ठिणगी किंचित उशिरा पाडून त्याचा रेटाच घटवता येऊ लागला. दांड्यांवरचा धक्का न वाढवता घसरण आखूड करण्याची ही सोय केवळ झडपांवर चालणाऱ्या ३५० मध्ये नाही, आणि म्हणून त्यात भोक किती मोठे करायचे हे प्रत्येक गाडीचे वजन, इंजिनाची ताकद आणि मागच्या आसाची सोसण्याची क्षमता पाहूनच ठरवावे लागते.