नारबाची वाडी आणि खोताचा हिशेब

मराठी चित्रपटाला मरणावर रडण्याची सवय आहे, हसण्याची नाही. म्हणून एखादा चित्रपट म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहणे हाच विनोदाचा विषय करतो, तेव्हा रसिकांत दोन तट पडावेत हे स्वाभाविक आहे. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला ‘नारबाची वाडी’ २०१३ साली आला. कोकणात घडणारी ही कथा असल्यामुळे रत्नागिरीच्या रसिकांना तिच्याविषयी मत असणे अपरिहार्यच आहे. आणि ज्या विषयावर मत आहे त्यावर वाद न घालणे हे या गावाच्या स्वभावात बसत नाही.

कथा मूळची बंगालची. मनोज मित्र यांच्या ‘साजानो बागान’ या नाटकावरून तपन सिंह यांनी १९८० साली ‘बांछारामेर बागान’ हा चित्रपट केला, आणि तीच कथा पुढे कोकणात आली. बंगालचा जमीनदार येथे खोत झाला, बाग नारळी-पोफळीची वाडी झाली. नारबा हा जराजर्जर म्हातारा (दिलीप प्रभावळकर), त्याचा जीव वाडीत. आणि खोताचा (मनोज जोशी) जीवही त्याच वाडीत, परंतु निराळ्या अर्थाने. दमदाटीने वाडी मिळत नाही, तेव्हा खोत करार करतो. म्हातारा जिवंत असेतो त्याला दरमहा रक्कम द्यावयाची आणि तो मेला की वाडी खोताची. पैसा आणि अन्न वेळेवर मिळू लागताच म्हातारा टवटवीत होतो, खोत मात्र खंगत जातो.

नापसंतीचा तट म्हणतो, हे रंगभूमीचे नाटक कॅमेऱ्यापुढे आणून ठेवले आहे; खोत हा माणूस नसून सोंग आहे, एकच विनोद पुन्हा पुन्हा होतो आणि म्हाताऱ्याच्या तिरडीवर हसणे असभ्य आहे. पसंतीचा तट प्रभावळकरांच्या अभिनयाकडे बोट दाखवतो आणि वाद तेथेच मिटला असे मानतो. प्रभावळकरांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि दोन्ही तट चित्रपटाच्या गाभ्याला, म्हणजे त्या कराराला, फारसे हात घालत नाहीत.

हा करार लेखकाच्या लहरीतून निघालेला नाही. विक्रेत्याच्या हयातीपर्यंत हप्ते भरून त्याच्या मृत्यूनंतर घराचा ताबा घेण्याचा व्यवहार फ्रान्सच्या दिवाणी कायद्यात मान्य आहे. आर्ल गावच्या जान काल्मां या नव्वद वर्षांच्या बाईंशी एका सत्तेचाळीस वर्षांच्या नोटरीने १९६५ साली असा करार केला आणि दरमहा २,५०० फ्रँक देऊ लागला. तो १९९५ साली सत्त्याहत्तराव्या वर्षी वारला, तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम त्याने भरली होती. पुढचे हप्ते त्याच्या विधवेने भरले. बाई १९९७ साली, १२२ व्या वर्षी गेल्या. एकच विनोद पुन्हा पुन्हा होतो हा आक्षेप घेणाऱ्यांनी या तीस वर्षांचा विचार करावा. हप्ता दरमहाच यावयाचा असतो; पुनरावृत्ती हा अशा व्यवहाराचा धर्मच आहे.

या व्यवहारातील विष दिसते तितके किरकोळ नाही. परक्याच्या आयुष्यावर विमा उतरवून पैज लावण्याला इंग्लंडने १७७४ सालीच कायद्याने बंदी केली, कारण दुसऱ्याच्या मरणात ज्याचा नफा गुंतला त्याची नियत शुद्ध राहील यावर कायद्याचा विश्वास नव्हता. खोताच्या हातात लाठी नाही, बंदूक नाही. तो दर महिन्याला पैसे देतो आणि सभ्यपणे प्रकृतीची चौकशी करतो. प्रेक्षक हसतो तो या चौकशीला. तिरडीवर हसणे असभ्य असेल, तर तिरडीचा हिशेब अगोदर मांडणे त्याहून असभ्य आहे, आणि चित्रपट बोट दाखवतो ते दुसऱ्या असभ्यतेकडे.

रत्नागिरीच्या प्रेक्षकाला हा हिशेब परका वाटू नये. खोती म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला मध्यस्थ. सरकारात भरावयाचा सारा ठरलेला. कुळाकडून घ्यावयाचा वाटा, त्याशिवाय वेठ आणि नजराणा, हे मात्र खोताच्या मर्जीवर. दोहोंतील अंतर हा त्याचा नफा. मराठी साहित्याने या खोताला बहुधा वाड्याच्या ओसरीवरूनच पाहिले. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरीत खोतांच्या पिढ्यांचा उदयास्त आहे, आणि त्यांची पडझड वाचून वाचक हळहळतो. ती कादंबरी थोर आहे यात शंका नाही. पण मांगराच्या दारातून, कुळाच्या नजरेने पाहिले तर तोच खोत कसा दिसत असेल? बहुधा सोंगासारखाच. ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहावे लागते त्याची नक्कल पाठीमागे करणे, एवढीच सूडाची सोय कुळाला असते. खोताचे अर्कचित्र हा चित्रपटाचा दोष म्हणणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात घ्यावी.

दोष आहे, परंतु तो अन्यत्र आहे. नारबा जिंकतो तो केवळ मरत नाही म्हणून. कोकणातील कुळे मात्र दीर्घायुषी होऊन मोकळी झाली नाहीत. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्याआधी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्ह्यातील चरी गावच्या कुळांनी सुरू केलेला संप सहा वर्षे चालला. खोती नष्ट करणारा कायदा त्यानंतर १९४९ साली झाला. या सामुदायिक इतिहासाची सावलीही नारबाच्या वाडीवर पडत नाही. खोत स्वतःच्या हावेने खंगतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारो’ने (१९८३) असे समाधान दिले नव्हते. तेथे प्रेताची फरफट पाहून पोट धरून हसलेल्या प्रेक्षकाला अखेरीस कैद्यांच्या कपड्यांतील दोन निरपराध छायाचित्रकार पाहावे लागतात, आणि बिल्डर-अधिकाऱ्यांची टोळी सहीसलामत सुटते. काळ्या विनोदाची कसोटी लावावयाची तर ती येथे लावावी: हसून झाल्यावर प्रेक्षकाजवळ काय उरते?

हा भेद रत्नागिरीत केवळ रसिकतेचा राहत नाही. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या भूसंपादनाची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली. पण प्रकल्पाच्या सुगाव्यावर बाहेरच्यांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी तोवर जाहीरपणे झाल्या होत्या. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाविरुद्ध गावकरी, विशेषतः स्त्रिया, रस्त्यावर आल्या. आजच्या खरेदीदाराला म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. कोकणातील सातबारा सामायिक. त्यावर चुलते, पुतणे, मुंबईला गेलेल्यांची मुले, कित्येकदा मेलेल्यांचीही नावे. दलाल मुंबईतील एका खोलीत जातो, ज्याने वाडी कधी पाहिली नाही अशा वारसाचा अविभक्त हिस्सा लिहून घेतो आणि त्या जोरावर वाटपाचा दावा लावतो. गावातला नारबा आंब्याला पाणी घालीत असताना त्याला कोर्टाची नोटीस येते. त्या नोटिशीवर चित्रपट काढणाऱ्याला विनोदाची वाण पडणार नाही. अडचण पडेल ती शेवटच्या प्रसंगाची.